बर्फावरून बेंचमागे: आइस हॉकीचा खेळाडू कोच होतो तेव्हा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फोंड्याला संध्याकाळी साडेपाच ते सात मी मुलांना इनलाइन हॉकी शिकवतो. कठड्यावर बसून वाट बघणारे पालक, समोरच्या चहाच्या गाड्यावरची मंडळी, कॅनडात मिसिसागाला असलेल्या भावाकडे मुलाला पाठवायच्या विचारात असलेली एक आई, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी स्वतः व्यावसायिक खेळाडू कधीच नव्हतो. सामने बघतो, वाचतो आणि मुलांना नीट पडायला शिकवतो.

गोव्यात बर्फ कुठे, की तुम्ही आइस हॉकीच्या गोष्टी सांगता?

बर्फ मासळी बाजारात. खेळायला नाही. आमचा खेळ चाकांवरचा: एका ओळीत चार चाकं असलेले स्केट, सिमेंटचं मैदान, गोलकीपर धरून पाच जण. बर्फावर सहा असतात. पण स्टिक, वळणं, अंगावर येणारा वेग आणि सारखी बदलणारी माणसं दोन्हीकडे सारखीच, म्हणून शिकायला आम्ही बर्फावरचे सामने बघतो. टोरांटोत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला लागतो, मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेचारला. पहिला पीरियड रंगात आला की दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों वाजतो. मी पाव घेऊन आत येतो तोवर तिकडे गोल झालेला असतो. हे इतक्यांदा झालंय की बायको म्हणते, गोल हवा असेल तर पाव आणायला जा.

हॉकी म्हणजे आपलीच ना? आमचे आजोबा खेळायचे.

आजोबा खेळायचे ती मैदानी हॉकी, आणि गोंयकारांचं तिच्याशी जुनं नातं. १९४८ ला लंडनमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस ही गोव्याच्या मुळाची माणसं होती.

आइस हॉकी वेगळी. चेंडूऐवजी पक, म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची कडक रबराची चकती. वजन १५६ ते १७० ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळ्या मारत नाही. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या सर्वांत मोठ्या लीगचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड. मैदानी हॉकी खेळलेल्यांना नवल वाटतं ते याचं, की गोलाच्या पाठीमागेही खेळ चालू राहतो.

बेंचमागे कोट घालून उभा असतो तो माणूस नक्की करतो काय?

टीव्हीवर बघितलं तर च्युइंगम चघळतो आणि पंचांवर डाफरतो. खरं काम कॅमेऱ्यात फारसं येत नाही.

सामन्याला प्रत्येक संघाचे वीस जण तयार असतात: अठरा खेळाडू, दोन गोलकीपर. बर्फावर एका वेळी गोलकीपर सोडून पाचच. एक खेळाडू सलग साधारण पाऊण मिनिट खेळतो. त्याच्या पुढे मांड्या पेटायला लागतात, चुका व्हायला लागतात. मग तो बेंचकडे येतो आणि दुसरा कठड्यावरून उडी मारून जातो, तेही खेळ चालू असताना. कोचने कोणाच्या पाठीवर हात ठेवायचा, कोणाचं नाव पुकारायचं, हे दर पाऊण मिनिटाला ठरवायचं. गडबडीत एक माणूस जास्त उतरला तर दोन मिनिटं कमी माणसांनी खेळण्याची शिक्षा.

खेळ थांबला की मात्र आधी पाहुण्या संघाने माणसं बदलायची, मग यजमानांनी. म्हणजे पत्ते पाहुण्यांनी आधी उघडायचे. यजमान कोच समोर कोण उतरलाय ते बघतो आणि त्यांच्या सर्वांत धोकादायक माणसासमोर आपला सर्वांत चिवट माणूस सोडतो. पाहुणा कोच मग चालत्या खेळातच माणसं फिरवून ती जोडी मोडायला बघतो. पहाटे उठून मी बघतो ते हेच. गोल तर संध्याकाळी मोबाइलवरही दिसतात.

शिवाय अख्ख्या सामन्यात तीस सेकंदांचा एकच टाइमआउट. पंचांच्या निर्णयाला आव्हान देता येतं, पण ते चुकलं तर पुन्हा दोन मिनिटांची शिक्षा. शेवटी एका गोलने मागे असाल तर गोलकीपरला बाहेर काढून त्याच्या जागी सहावा हल्लेखोर उतरवायचा. हा जुगार कधी खेळायचा तेही कोचनेच सांगायचं.

खेळून आलेल्याला हे सगळं सोपं जात असेल असं वाटतं. जात नाही. खेळाडू आपली पाळी संपवून बेंचवर येतो, पाणी पितो, मान खाली घालून दम घेतो. त्याच वेळी बर्फावर काय चाललंय ते त्याने नाही बघितलं तरी चालतं. पंधरा-वीस वर्षांची ही सवय मोडायची असते.

मोठा खेळाडू म्हणजे मोठा कोच, असंच ना?

माझं उत्तर पालकांना आवडत नाही, पण देतो.

वेन ग्रेट्झकी घ्या. ८९४ गोल, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये अलेक्झांडर ओवेच्किनने मागे टाकेपर्यंतचा विक्रम. गोल आणि गोलसाठीचे पास मिळून २८५७ गुण. त्याच्या जवळपासही कोणी नाही. असा माणूस २००५ ते २००९ फीनिक्सचा कोच होता. चार हंगाम, आणि संघ एकदाही प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीला, पोचला नाही. संघ कमकुवत होता आणि शेवटी क्लबचं दिवाळं निघालं हे खरं. तरी मला वाटतं, ज्याला पक कुठे येणार ते आपसूक दिसतं, त्याने ते दुसऱ्याला कुठल्या शब्दांत सांगायचं?

आता मार्टिन सेंट लुईस. उंची पाच फूट आठ इंच. ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तेव्हा, एकाही क्लबने त्याला निवडलं नाही. तोच २००४ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी टँपा बेकडून स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेत्याचा करंडक, जिंकला. निवृत्तीनंतर तो आपल्या मुलांच्या वयोगटातल्या संघांना शिकवत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉन्ट्रियलने त्याला थेट मुख्य कोच केलं तेव्हा व्यावसायिक संघाला शिकवण्याचा त्याला शून्य अनुभव होता. मॉन्ट्रियलमध्ये हॉकीचा कोच म्हणजे आपल्याकडे जत्रेचा मानकरी; रोज प्रत्येकाचं त्याच्यावर मत असतं. तिथे तो टिकला. बुटका म्हणून प्रत्येक जागा, प्रत्येक वळण त्याला डोक्याने शोधावं लागलं होतं, आणि शोधलेलं सांगता येतं, असं माझं म्हणणं.

क्रेग बेरुबी तर खेळाडू म्हणून मारामारीसाठीच ठेवलेला. एनएचएलमध्ये हजाराहून जास्त सामने आणि शिक्षेची ३१४९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ साडेबावन्न तास तो नुसता शिक्षेच्या खोक्यात बसून होता! तिथून खेळ छान दिसत असावा. नोव्हेंबर २०१८ मध्ये सेंट लुईस शहराच्या ब्लूज संघाने हंगामाच्या मध्येच त्याला तात्पुरता कोच केलं. जानेवारीच्या सुरुवातीला संघ ३१ पैकी ३१ वा होता. जूनमध्ये त्याच संघाने क्लबच्या इतिहासातला पहिला स्टॅनली कप उचलला.

माझ्या म्हणण्याला छेद देणारेही आहेत, ते लपवत नाही. रॉड ब्रिंडामोर २००६ ला कॅरोलिनाचा कप जिंकणारा कर्णधार. २०१८ ला तिथलाच मुख्य कोच झाला आणि २०२१ ला वर्षातल्या सर्वोत्तम कोचचं जॅक अ‍ॅडम्स पारितोषिक घेऊन गेला. जॅक लमेर खेळाडू म्हणून आठ कप जिंकला आणि १९९५ ला कोच म्हणून न्यू जर्सीला पहिला कप मिळवून दिला. त्याचा संघ मैदानाच्या मधल्या पट्ट्यात अशी माणसं पसरायचा की समोरच्याला वाट मोकळी वाटावी आणि आत शिरल्यावर चारी बाजू बंद व्हाव्यात. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना बघितलं असेल तर वेगळं समजावायला नको. बघणाऱ्यांना तो खेळ अतिशय कंटाळवाणा वाटायचा. मलाही वाटतो.

फुटबॉलमधलं घरचं उदाहरण हवं असेल तर डेरिक परेरा. साळगावकरचा आणि भारताचा बचावपटू, पुढे कोच म्हणून महिंद्र युनायटेडला २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकून दिली. बचावपटूला आख्खं मैदान समोर दिसत असतं, हेही कारण असेल.

मग न खेळलेलाही कोच होऊ शकतो?

होतो, आणि भल्याभल्यांच्या पुढे जातो. स्कॉटी बोमन खेळाडू म्हणून एनएचएलपर्यंत पोचलाच नाही. कोच म्हणून त्याचे नऊ स्टॅनली कप आणि नियमित हंगामातले १२४४ विजय. जॉन कूपर तर वकील. एका न्यायाधीशाने मुलाच्या शाळेचा संघ जरा बघ म्हटलं, तो बघायला गेला आणि वकिली राहिली बाजूला. २०२० आणि २०२१ असे ओळीने दोन कप टँपाला दिले.

खेळणं थांबल्यावर कोच होण्याची वाट कशी असते?

बहुतेकांची वाट बसने जाते. एनएचएलचे संघ ३२, म्हणजे मुख्य कोचच्या खुर्च्या ३२. त्याखाली अमेरिकन हॉकी लीग, त्याखाली ईसीएचएल. लहान शहरं, लांबचे प्रवास, आणि तोच माणूस कोच, तोच खेळाडू शोधणारा, वेळ आली तर हॉटेल बुक करणाराही तोच.

जेरेड बेडनारचा रस्ता मला आवडतो. एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. खालच्याच लीगमध्ये बचावपटू म्हणून खेळला आणि साउथ कॅरोलिनात, जिथे खेळला तिथेच, सहायक कोच म्हणून सुरुवात केली. २००९ ला ईसीएचएलचा केली कप, २०१६ ला अमेरिकन लीगचा कॅल्डर कप, २०२२ ला कोलोराडोबरोबर स्टॅनली कप. मुख्य कोच म्हणून हे तिन्ही जिंकणारा तो पहिला. मधे तेरा वर्षं गेली ती कोणी मोजत नाही.

सहायकांमध्येही वाटण्या असतात: एक बचावपटूंचा, एक हल्लेखोरांचा, एक गोलकीपरचा आणि एक दिवसभर व्हिडिओ कापणारा. १९७० च्या दशकात रॉजर नीलसन नावाच्या कोचने व्हिडिओवरून शिकवायला सुरुवात केली तेव्हा लोक त्याला कॅप्टन व्हिडिओ म्हणून चिडवायचे. आज व्हिडिओवाला नसलेला संघ सापडणार नाही. कागदपत्रांचं म्हणाल तर अमेरिकेत यूएसए हॉकीचे पाच पातळ्यांचे कोचिंग अभ्यासक्रम आहेत, कॅनडात राष्ट्रीय प्रशिक्षक प्रमाणपत्राची व्यवस्था आहे. मिसिसागाच्या मामाकडे राहून मुलाला पुढे-मागे शिकवायचं असेल तर तिथल्या क्लबमध्ये याचीच चौकशी करा.

गोलकीपर कोच होतात का?

गोलकीपरचे कोच होतात. मुख्य कोच क्वचित. ठळक अपवाद पॅट्रिक रुआ. २०१४ चं जॅक अ‍ॅडम्स पारितोषिक त्याचं.

आणि बायका?

जेसिका कॅम्पबेल. कॅनडाकडून जागतिक स्पर्धा खेळली, मग खेळाडूंना स्केटिंग शिकवत शिकवत वर आली आणि २०२४ ला सिएटल क्रॅकनची सहायक कोच झाली. एनएचएलमधली पहिली पूर्णवेळ महिला सहायक कोच. आमच्या बॅचमध्ये मुली मुलग्यांपेक्षा जास्त आहेत, तेव्हा हा प्रश्न आता त्यांचे बाबा विचारतात. मुली विचारत नाहीत, त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही.

गरज पडली तर कोच स्वतः खेळायला उतरतो का?

आता नाही. पण १९२८ च्या स्टॅनली कप फायनलमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सच्या गोलकीपरच्या डोळ्याला पक लागला आणि त्या काळी राखीव गोलकीपर बसवून ठेवायची पद्धत नव्हती. ४४ वर्षांचा कोच लेस्टर पॅट्रिक पॅड बांधून स्वतः गोलात उभा राहिला. रेंजर्स तो सामना जिंकले, पुढे कपही जिंकले. पॅट्रिक मूळचा बचावपटू होता, गोलकीपर नव्हे!

कोच कडक असलेला बरा ना? आमच्याला जरा धाक हवाच आहे.

हर्ब ब्रुक्सची गोष्ट सांगतो, मग ठरवा. १९६० च्या ऑलिम्पिकच्या अगदी तोंडावर त्याला अमेरिकेच्या संघातून वगळलं, आणि त्या संघाने सुवर्णपदक जिंकलं. वीस वर्षांनी तो कोच म्हणून कॉलेजची पोरं घेऊन लेक प्लॅसिडला गेला आणि २२ फेब्रुवारी १९८० ला बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ ने हरवलं. ऑलिम्पिकआधी नॉर्वेत ३-३ अशी बरोबरी झाली तेव्हा खेळात जीव नव्हता म्हणून सामना संपल्यावर त्याने आपल्या पोरांना बर्फावरच थांबवून पळवलं. एका टोकाकडून रेषेपर्यंत, परत, पुढच्या रेषेपर्यंत, परत. स्टेडियमचे दिवे मालवले तरी पळवत राहिला.

ही गोष्ट ऐकली की बाबा लोक खूश होतात. पण ती पोरं वीस-बावीस वर्षांची होती आणि ऑलिम्पिकला निघाली होती. तुमचा नऊ वर्षांचा आहे आणि उद्या त्याची गणिताची चाचणी आहे. माझ्याकडे पळवणं आहे. शिक्षा म्हणून पळवणं नाही.

मुलाला कोणाच्या हाताखाली घालताना काय बघायचं?

पहिली गोष्ट, सराव उघड्यावर चालतो का. कठड्यावर बसू देत नसतील तर उठून दुसरीकडे जा.

हे मी उगाच म्हणत नाही. शिकागोच्या संघातल्या एका खेळाडूने २०१० मध्ये तिथल्या व्हिडिओ कोचविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली होती. कप जिंकायच्या धामधुमीत ती दाबून ठेवली गेली, असं स्वतंत्र चौकशीत २०२१ ला पुढे आलं. तेव्हाचा मुख्य कोच जोएल क्वेनव्हिल म्हणजे स्वतः ८०३ सामने खेळलेला बचावपटू आणि शिकागोला २०१०, २०१३, २०१५ असे तीन कप देणारा माणूस. त्याला फ्लोरिडाच्या नोकरीचा राजीनामा द्यावा लागला. जुलै २०२४ ला लीगने त्याला परत यायची मुभा दिली आणि २०२५ ला अ‍ॅनाहाइमने नेमलं. त्याला परत घ्यायला हवं होतं का यावर तिकडे अजून वाद आहेत. माझ्या पुरता मुद्दा एवढाच की कपाटातल्या ट्रॉफ्या बघून मुलाला कोणाच्या हवाली करू नका.

पैसे बरे मिळतात का?

वर पोचलेल्यांना भरपूर. एनएचएलमध्ये खेळाडूचा किमान पगार २०२५-२६ ला वर्षाला ७,७५,००० डॉलर होता. कोचचे आकडे क्लब सहसा जाहीर करत नाहीत. फोंड्यातल्या कोचचा आकडा बायकोला विचारा.

भारतात आइस हॉकी आहे तरी कुठे?

मुख्यतः लडाखला. लेहच्या कारझूसारख्या गोठलेल्या तळ्यांवर साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीपर्यंत, एवढाच हंगाम. लष्कराच्या माणसांनी तिथे हा खेळ रुजवायला मोठा हातभार लावला. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य आहे, पुरुषांचा संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला तो २००९ ला अबुधाबीत. मुलींचा संघ २०१६ ला पहिल्यांदा उतरला, २०१७ ला बँकॉकला फिलिपिन्सवर ४-३ असा पहिला विजय मिळवला आणि २०२५ ला अल ऐनच्या आशिया चषकात कांस्यपदक आणलं. वर्षाचे दोन महिने नैसर्गिक बर्फ मिळणाऱ्या मुली या. देहरादूनला बंदिस्त बर्फाचं मैदान आहे, २०११ ला बांधलं, मग बरीच वर्षं बंद पडून होतं, आता पुन्हा सुरू झालंय.

लडाखच्या कोचचं दुखणं मला जवळचं वाटतं. त्यांचं मैदान उन्हाळ्यात वितळतं, आमचं जूनमध्ये पाण्याखाली जातं.

तुम्ही मग शिकवायला कसे लागलात, सर?

चुकून. मला स्केट येतात म्हणून चार मुलं मागे लागली. पहिलं वर्षभर मी फक्त करून दाखवायचो आणि 'असं करा' म्हणायचो. मग एकदा मागे सरकत वळण घ्यायचा क्रॉसओव्हर चालला होता. नऊ वर्षांची एक मुलगी प्रत्येक वेळी आडवी होत होती. मी तीनदा करून दाखवला. चौथ्यांदा निघालो तर म्हणाली, "सर, पाय दिसले. वजन कुठल्या पायावर आहे ते दिसत नाही."

मला उत्तर आलं नाही. वीस वर्षं करत होतो, आणि वजन कुठे असतं ते माहीत नव्हतं. स्केट काढले, शाळेतला खडू मागवला, सिमेंटवर पावलं काढली आणि मोज्यांवर उलटा चालत गेलो, एकेक पाऊल, म्हाताऱ्यासारखा. तेव्हा कळलं की बाहेरचा पाय पुढून ओलांडून येतो तेव्हा मी आतल्या पायाने, चाकांच्या बाहेरच्या कडेवर रेलून, खालून ढकलत असतो. आणि गुडघा वाकला नाही तर तो पाय निसटतो. ती दर वेळी तिथेच पडत होती. तिला सांगितलं, आतला गुडघा वाकव, त्याच्यावर बस. दुसऱ्या फेरीला जमलं. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन वहीत बाकीच्या गोष्टी लिहायला बसलो: थांबताना वजन कुठे, शॉट मारताना कुठे. अर्ध्याहून जास्त ओळी रिकाम्या राहिल्या. अजून थोड्या आहेत.

पावसात सराव बंद असतो का?

मैदानावर बंद. एका सभागृहाने आठवड्याला दोन तास देऊ केले होते. तिसऱ्याच आठवड्याला गेलो तर लग्नाच्या खुर्च्या मांडलेल्या. मुलांनी पार्किंगच्या शेडमध्ये बूट घालून स्टिकचा सराव केला, आचाऱ्याने भजी दिली. तेव्हापासून पावसात असंच: घरी भिंतीवर चेंडू मारणं, आणि रविवारी माझ्याकडे जुने सामने बघणं, आवाज बंद करून. प्रत्येकाने एकच खेळाडू धरायचा आणि तो बेंचवरून कधी उठला, कधी बसला ते वहीत मांडायचं.

नवीन बॅच कधी?

गणेश चवथीनंतर, सिमेंट पूर्ण वाळलं की. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड स्वतःचे आणा, स्टिक माझ्याकडे आहेत. जुन्या मुलांनी बेअरिंग आत्ताच काढून रॉकेलमध्ये धुवून घ्या आणि तेल लावून डब्यात ठेवा. गेल्या वर्षी अकरा जणांची गंजून दगड झाली होती. हातमोजे पिशवीत कोंबून ठेवू नका, वास येतो.